पहिल्या फेरीनंतर वर किती मुलं उरतात? पाळणाघरांची अग्निसुरक्षा आणि माझी चुकलेली चेकलिस्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मी एक चेकलिस्ट बनवली होती. विषय होता मुंबई उपनगरांतल्या पाळणाघरांची अग्निसुरक्षा. एकूण २४ मुद्दे आणि प्रत्येकापुढे 'आहे' आणि 'नाही' असे दोन चौकोन. अग्निशामक सिलिंडर आहे का, त्याची मुदत संपलीय का, बाहेर पडण्याचा नकाशा भिंतीवर लावलाय का, १०१ नंबर दिसेल असा लिहिलाय का, वगैरे. कागद सुबक दिसत होता. प्रत्येक पाळणाघराला २४ पैकी गुण द्यायचे, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशी तुलना करायची, तक्ते काढायचे, असा सगळा बेत.

पायलटसाठी मुलुंडमधल्या एका पाळणाघरात गेले. सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. चालवणाऱ्या काकू आणि मदतीला एक मावशी. सगळं टापटीप. २४ पैकी १९ गुण पडले. मी खूश. निघताना काकू म्हणाल्या, "अगं, हे सगळं ठीक आहे. पण आग लागली तर एक पोर मी कडेवर घेईन, एक मावशी घेईल. बाकीची रांगणारी दोघं कोण उचलणार? ते तुझ्या कागदात कुठे लिहायचं?"

कागदात ते लिहायला जागाच नव्हती.

ही पोस्ट म्हणजे त्या चेकलिस्टवरची टीका. पण टीका फक्त माझ्या कागदावर थांबत नाही, कारण तो कागद मी मनानं रचलेला नव्हता. ऑफिसं आणि शाळा यांच्या फायर ऑडिटचे नमुने, इमारत संहिता आणि थोडे शोधनिबंध एकत्र करून तो झाला होता. म्हणजे जी चूक माझ्यात होती ती त्या सगळ्यांत थोडी थोडी होती. तुम्ही प्रपोजल लिहायच्या तयारीत असाल, तर विषय कुठलाही असो, ही चूक कशी होते ते बघून ठेवा.

चेकलिस्टच्या मनातला माणूस

कुठलीही सुरक्षा योजना वाचताना एक प्रश्न विचारायची सवय लावा: ही योजना लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे कोण माणूस होता?

माझ्या २४ मुद्द्यांसमोरचा माणूस असा होता. त्याला भोंगा ऐकू आला की जाग येते. त्याला बाण आणि अक्षरं वाचता येतात. तो स्वतःच्या पायानं जिना उतरतो. खाली जमण्याच्या जागी पोचला की तिथेच थांबतो. थोडक्यात, तो अंधेरीच्या ऑफिसातला कर्मचारी होता. पाळणाघरातल्या आठ महिन्यांच्या बाळाला यातलं एकही जमत नाही. दोन वर्षांच्या मुलाला चालता येतं, पण गोंधळात तो टेबलाखाली जाऊन बसतो किंवा आपली बाहुली आणायला मागे वळतो. चार वर्षांचा रांगेत उतरेल, पण खाली पोचल्यावर त्याच्यापाशी कुणी मोठं माणूस नसेल तर थेट रस्त्यावर जाईल.

म्हणजे पाळणाघरात बाहेर काढणाऱ्यांची क्षमता मोजायला हवी, आणि मी बाहेर पडणाऱ्यांसाठी लावलेल्या वस्तू मोजत होते. मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण 'वैधता' या शब्दाची व्याख्या पाठ करतो: जे मोजायचं ठरवलंय तेच मोजलं जातंय का. ती व्याख्या मला पाठ होती. काकूंनी विचारेपर्यंत ती स्वतःच्या कागदाला लावून बघायचं सुचलं नव्हतं.

हिशेब करून बघू

आता एक साधं गणित. हे कुठल्याही खऱ्या पाळणाघराचं नाही, उदाहरणासाठी घेतलंय. पहिला मजला, एकच जिना. दुपारचे दोन वाजलेत. १४ मुलं: न चालणारी ४, चालणारी पण जिना एकट्यानं न उतरू शकणारी ४, आणि तीन ते पाच वर्षांची ६. मोठी माणसं दोन.

एका बाईनं एक बाळ कडेवर घेतलं आणि एका लहानग्याचा हात धरला, तर तिचे दोन्ही हात संपले. कठडा धरायला हात उरत नाही, ते सोडूनच द्या. पहिल्या फेरीत दोघी मिळून २ बाळं आणि २ लहानगी नेतात, मोठी ६ मधे धरून चालवतात. १० मुलं खाली आली. वर ४ उरली: २ बाळं आणि २ लहानगी. त्यांच्याजवळ आता कुणीही नाही.

खाली पार्किंगमध्ये १० मुलं आहेत, त्यांना सोडून दोघींना वर जाता येत नाही. मग एकीनं थांबायचं. दुसरीनं दोनदा वर जायचं आणि दोनदा उतरायचं, एका वेळी एक बाळ आणि एक लहानगं. जिन्यात धूर भरला असेल तर पहिल्यांदा वर जाणंही होणार नाही.

या पाळणाघरात दोन सिलिंडर असोत की पाच, वर उरणाऱ्या मुलांची संख्या ४ च राहते. नकाशा मराठीत लावा, इंग्रजीत लावा, ४ च. पण त्या क्षणी दारात आणखी दोन मोठी माणसं आली तर ती संख्या शून्य होते. म्हणून आता माझ्या कागदावर सगळ्यात वर एकच प्रश्न आहे: पहिल्या फेरीनंतर वर किती मुलं उरतात? तोही दिवसातून एकदा विचारून भागत नाही. सकाळी अकराचं उत्तर वेगळं, आणि दुपारी एकजण बालवाडीतून मुलांना आणायला गेलेली असते तेव्हाचं वेगळं. ती गेली की वर एकच बाई. गणित पुन्हा करून बघा.

सिलिंडर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. स्वयंपाकघरातली छोटी आग तिथल्या तिथे विझली तर फेऱ्या मारायची वेळच येत नाही. धुराची सूचना देणारं यंत्र दोन मिनिटं आधी वाजलं तर ती दोन मिनिटं म्हणजे कदाचित एक आख्खी फेरी. वस्तू वेळ मिळवून देतात. तो वेळ वापरायला हात लागतात. माझ्या चेकलिस्टनं पहिली बाजू मोजली आणि दुसरी रिकामी सोडली. अग्निसुरक्षेच्या संशोधनात हीच तुलना दोन संज्ञांनी करतात: सुरक्षित बाहेर पडायला उपलब्ध असलेला वेळ, म्हणजे एसेट, आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ, म्हणजे आरसेट. पहिला दुसऱ्यापेक्षा जास्त हवा. पाळणाघरात दुसरा वेळ चालण्याच्या वेगावर कमी आणि फेऱ्यांच्या संख्येवर जास्त ठरतो.

कायद्यात पाळणाघर कुठे बसतं?

आता नियमांकडे येऊ. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा आपला मूळ कायदा. त्यात जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. यंत्रणा चालू स्थितीत आहे असं 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घ्यायचं. हे चांगलंच आहे. पण हे प्रमाणपत्र यंत्रणेबद्दल बोलतं. दुपारी दोनला वर किती माणसं आहेत हे त्यात येत नाही.

कायदा ज्या राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवतो, तिच्या चौथ्या भागात इमारतींचे वापरानुसार वर्ग आहेत: निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, व्यावसायिक वगैरे. शैक्षणिक वर्गाच्या व्याख्येत डे-केअरचा उल्लेख आहे, पण किमान २० विद्यार्थी हवेत. आता सोसायटीतल्या फ्लॅटमधलं १४ मुलांचं पाळणाघर घ्या. २० च्या खाली, म्हणून शैक्षणिक नाही. मूळ इमारत निवासी, म्हणून जिना निवासी मापाचा. संहितेत निवासी इमारतीच्या जिन्याची किमान रुंदी साधारण १ मीटर आहे आणि शैक्षणिकची १.५ मीटर. या अर्ध्या मीटरचा अर्थ काय? कडेवर बाळ घेऊन उतरणारी बाई आणि मदतीला वर धावणारा माणूस एकमेकांना ओलांडू शकतात की नाही, हा.

अजून एक. शैक्षणिक वापरासाठी संहिता माणशी ४ चौरस मीटर धरते, निवासी वापरासाठी १२.५. म्हणजे ५० चौरस मीटरचा फ्लॅट निवासी म्हणून ४ माणसांचा धरला जातो आणि शैक्षणिक म्हणून १२ जणांचा. त्याच फ्लॅटमध्ये १४ मुलं आणि २ मोठी माणसं असतील, तर ती इमारत ज्या हिशेबानं बांधली त्याच्या चौपट माणसं तिथे आहेत. आणि त्यातली निम्मी मुलं जिना स्वतः उतरू शकत नाहीत.

शाळांच्या बाबतीत न्यायालयानं स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. पण निकाल शाळांचा, आणि शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा. पाळणाघरातलं मूल सहाच्या आतलं. व्याख्येनं एकदा बाहेर, वयानं दुसऱ्यांदा बाहेर.

इथे एक गंमत नोंदवते. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलांना शाळेत बोलावण्यापेक्षा शिक्षण त्यांच्या अंगणात नेलं. अंगणवाडी या शब्दातच उघडी जागा आहे. अंगणातून बाहेर पडायचा मार्ग शोधावा लागत नाही. पाळणाघर या शब्दात पाळणा आहे आणि घर आहे. मुंबईत ते घर जिना चढून वर गेलं, त्याला ग्रिल लागलं आणि सेफ्टी डोअर बसलं. आजच्या शहरी अंगणवाड्याही बऱ्याचदा बंद खोल्यांतच भरतात. वर्गीकरण करताना नावावर जाऊ नका, जागा बघा.

आग आपल्याच घरात लागते असं नाही

माझ्या चेकलिस्टमधले स्वयंपाकघराबद्दलचे मुद्दे पाच होते. शेजाऱ्यांबद्दलचा एकही नव्हता. आता या घटना बघा.

मेक्सिकोत एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एबीसी नावाच्या पाळणाघरात ४९ मुलं गेली. आग पाळणाघरात लागलीच नव्हती. ती शेजारच्या सरकारी गोदामात लागली आणि छताकडून आत आली. दोहा इथल्या व्हिलाजिओ मॉलमध्ये २८ मे २०१२ रोजी लागलेल्या आगीत १९ जण गेले: आतल्या पाळणाघरातली १३ मुलं, ४ शिक्षिका आणि २ जवान. अग्निशमन दलाला मुलांपर्यंत पोचायला छत फोडावं लागलं.

आपल्याकडचं बघायचं तर गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावर पार्किंगच्या भागात आग लागली. किमान सात माणसं गेली. आग खाली आणि धूर जिन्यातून वर, हे आपल्या उपनगरी इमारतींचं नेहमीचं चित्र. मीटर केबिन बहुतेकदा जिन्याच्या तोंडाशी, तिथेच स्कूटर उभ्या आणि कुणाची तरी जुनी गादी टेकवलेली. मुलुंडच्या त्या पाळणाघराला मी १९ गुण दिले तेव्हा त्या जिन्याखाली काय आहे ते वाकून बघितलंही नव्हतं. कारण ती 'सोसायटीची' जागा, माझ्या नमुन्याबाहेरची.

आणि भंडारा. ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली, ७ वाचवता आली. ते रुग्णालय होतं, पाळणाघर नव्हतं, त्यामुळे थेट तुलना करू नका. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ज्यांना बाहेर काढायचं ते स्वतः इंचभरही हलू शकत नाहीत, आणि सगळं काही मोठी माणसं किती आहेत आणि त्या क्षणी कुठे आहेत यावर ठरतं.

बाहेरचे शोधनिबंध: काय घ्यायचं, काय नाही

लिटरेचर रिव्ह्यूत आपण बाहेरचे आकडे पटकन उचलतो. मीही उचलले. आता त्याबद्दल थोडं.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लारुसदोत्तिर आणि देदेरिक्स यांनी डे-केअर केंद्रांतल्या मुलांच्या बाहेर पडण्याच्या सरावांचा अभ्यास केला. ० ते २ आणि ३ ते ६ असे वयोगट वेगळे धरले. लहान मुलं जिन्यावर मोठ्यांपेक्षा सावकाश उतरतात, पण दारातून गर्दीनं आणि भराभर जातात, असं त्यांना दिसलं. चेक प्रजासत्ताकात नायमानोव्हा यांनी रोंकी यांच्याबरोबर बालवाडीच्या मुलांवर अशीच मोजणी केली. रशियात खोल्शेव्निकोव्ह आणि सहकाऱ्यांनी मुलांना थंडीचे कपडे घालण्यात जाणारा वेळही विचारात घेतला. कामं चांगली आहेत, जरूर वाचा.

पण त्यातला 'जिन्यावरचा वेग' उचलून मुलुंडच्या फ्लॅटला लावला, तर तुम्ही माझीच चूक पुन्हा कराल. ती केंद्रं मुलांसाठीच चालवलेली होती, सराव ठरवून झालेले होते आणि मदतीला प्रशिक्षित माणसं होती. आपल्याकडे जिना घरगुती, पायऱ्या उंच, मधल्या वळणावर चपलांचं कपाट. मग घ्यायचं काय? प्रश्न घ्या. वयोगट वेगळे मोजा, हे घ्या. निघण्याआधी कशात वेळ जातो ते मोजा, हे घ्या. तिथे थंडीचे कपडे, आपल्याकडे जुलैत रेनकोट आणि चपला. पावसात बाळाला उघडं बाहेर काढायला हात धजावत नाही, तो संकोचही वेळच खातो.

दुसरं उदाहरण. अमेरिकेच्या लाइफ सेफ्टी कोडमध्ये डे-केअरसाठी वयानुसार माणसांचं प्रमाण दिलंय: दोन वर्षांखालच्या दर ३ मुलांमागे १ मोठं माणूस. वाचून मी जवळजवळ उडालेच. हाच तर काकूंचा प्रश्न! पण हा एकटा आकडा तिथून तोडून आणता येत नाही. त्याच्यासोबत त्या संहितेत अलार्म आहेत, दुसरा मार्ग आहे, वयानुसार मजल्यांचे नियम आहेत. शिवाय आपल्याकडे दर ३ मुलांमागे १ बाई ठेवायची तर फी कुणाला परवडेल? आकडा तिथला, पण त्यामागचा विचार आपला करून घेता येतो. अग्निसुरक्षेची संहिता माणसांची संख्या हा सुरक्षेचा भाग मानू शकते, एवढं त्यातून नक्की सिद्ध होतं.

तिसरं उदाहरण झोपेचं. ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक यांनी १९९९ साली दाखवलं की स्मोक अलार्म वाजला तरी बरीच मुलं जागी होत नाहीत. तो अभ्यास रात्रीच्या झोपेचा आणि मोठ्या मुलांचा होता. दुपारच्या डुलकीला तो तसाच लागू पडत नाही. पण माझ्या पायलटची भेट मी सकाळी अकराला ठेवली होती, सगळी मुलं जागी आणि कपडे घातलेली असताना, आणि ते का, याला माझ्याकडे 'काकूंना सोयीचं होतं' यापलीकडे उत्तर नव्हतं. तुमच्या नमुन्यात दिवसाची कुठली वेळ सुटलीय, ते तपासा.

कडी वर की खाली

२०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि सगळीकडे खळबळ उडाली. तेव्हापासून पालक आधी कॅमेरा विचारतात, मग दाराची कडी बघतात. ती भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. पण तिच्यामुळे दार जास्त बंद झालं. मुलाचा हात पोचू नये म्हणून कडी वर, आत सेफ्टी डोअर, त्याला लॅच, खिडकीला ग्रिल आणि ग्रिलमध्ये कुंड्या. मूल बाहेर जाऊ नये म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट मुलाला बाहेर काढताना आडवी येते. दोन्ही हातांत मुलं असलेल्या बाईला वरची कडी काढता येते का? माझ्या चेकलिस्टमध्ये 'दाराला सुरक्षित कडी' या मुद्द्याला मी चक्क एक गुण देत होते.

ऑफिसमधल्या पाळणाघरांचं गणित आणखी वेगळं. २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात तरतूद आणली की ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागेल, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येईल. समजा, अंधेरीच्या एखाद्या बिझनेस पार्कमध्ये पाळणाघर चौथ्या मजल्यावर आणि आई सातव्यावर. भोंगा वाजला की ती कुठे जाईल? योजनेतला बाण खाली जातो. आई चौथ्या मजल्यावर थांबेल. जोनाथन साइम यांनी १९७३ च्या समरलँड आगीचा अभ्यास करून १९८३ साली मांडलं होतं की माणसं आगीत आपल्या माणसांकडे आणि ओळखीच्या वाटेकडे जातात. तेव्हा योजनेनं आईला 'शिस्त मोडणारी' न धरता आधीच धरून चालावं: ती येणारच आहे, मग तिला बाळ उचलणारे दोन हात म्हणून मोजायचं, की जिन्यात उलट्या दिशेनं येणारी अडचण म्हणून? दोन्ही शक्य आहे. लिहून ठरवलं नाही तर दुसरंच होईल.

मग नवा कागद कसा आहे?

माझ्या नव्या कागदात जुने २४ मुद्दे आहेत, पण मागच्या पानावर. पहिल्या पानावर तासातासाची नोंद आहे: किती मुलं, कुठल्या गटातली, मोठी माणसं किती. मग जिना, कडी, मीटर केबिन. आणि मग एक रकाना, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: दुपारी दोनला हाक मारली तर लगेच दारात पोचेल असं माणूस कोण? समोरचे रिटायर आजोबा, खालचा इस्त्रीवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई. हे आपल्या सोसायट्यांचं बळ आहे आणि ते कुठल्याच प्रमाणपत्रात दिसत नाही. फक्त ते गृहीत धरायचं नाही. त्यांना आधी विचारायला हवं, मुलांना त्यांचा चेहरा ओळखीचा हवा, पालकांची संमती हवी आणि वर्षातून दोनदा सराव हवा. तान्ह्या मुलांना घेऊन सराव करू नका. वर्षाच्या बाळाचं वजन साधारण नऊ-दहा किलो, तेवढी तांदळाची पिशवी कडेवर घ्या आणि घड्याळ लावा. मी स्वतः करून पाहिलं, दुसऱ्या फेरीला धाप लागते.

आणि धोका दिसला तर?

शेवटचा मुद्दा, जो मेथडॉलॉजीच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकतात. समजा, तुमच्या पाहणीत तुम्हाला कळलं की अमुक पाळणाघरात पहिल्या फेरीनंतर सहा मुलं वर उरतात. प्रबंध जमा व्हायला तीन वर्षं आहेत. तोवर गप्प बसायचं?

तक्रार करावी, हे पहिलं मनात येतं. पण पाळणाघर बंद झालं तर ती १४ मुलं कुठे जातील? काहींच्या आया नोकरी सोडतील. काही मुलं मोठ्या भावंडाच्या भरवशावर कुलूपबंद घरात राहतील, आणि तिथे आग लागली तर मोठ्या हातांची संख्या शून्य. उलट बाजूनं, गप्प राहून तुम्ही फक्त 'डेटा' गोळा करत राहिलात आणि काही झालं, तर तो डेटा तुम्ही कसा वापराल?

माझं उत्तर पूर्ण नाही, पण सध्या असं करते. संमतिपत्रात आधीच लिहिते की लगेचचा धोका दिसला तर मी तो तुम्हाला त्याच दिवशी लेखी सांगेन, आणि काय दिसल्यास कुणाला कळवेन. भेटीनंतर एका पानाचा मराठी कागद देते: हिशेब, आणि बिनखर्चात किंवा कमी खर्चात होणाऱ्या गोष्टी. यामुळे माझा डेटा 'बिघडतो', कारण दुसऱ्या भेटीत पाळणाघर बदललेलं असतं. बिघडू दे. तो बदलही नोंदवता येतो. हे सगळं एथिक्स कमिटीच्या अर्जात आधी लिहा, नंतर धावपळ होते.

मुलुंडच्या काकूंकडे मी पुन्हा गेले, यावेळी दुपारी दोनला. बाळांची झोपायची जागा आतल्या खोलीतून दाराजवळच्या खोलीत आली होती. सेफ्टी डोअरची कडी बदलली होती, एका हाताच्या कोपरानं उघडते. फ्रिजवर चार नावं आणि चार नंबर होते, त्यातले दोन त्याच मजल्यावरचे. जिन्याखालची गादी मात्र होती तिथेच, सोसायटीच्या मीटिंगची वाट बघत. जुन्या चेकलिस्टवर आजही त्यांना १९ च गुण मिळतात.

तुमच्या प्रपोजलमधली यादी आता काढा आणि बघा: तुमच्या कागदापुढे उभं राहून कुणी 'हे कुठे लिहायचं?' असं विचारलं, तर तिथे जागा आहे का?